क्रायोजेनिक कशाला म्हणायचं?

प्रश्न: प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनच्या भांड्यावर ‘क्रायोजेनिक’ असं लिहिलेलं असतं, शेजारच्या उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरवर मात्र नसतं. सीमा नेमकी कुठे? आणि त्या भांड्याचं झाकण सैलच का असतं?

उत्तर: साधारणपणे उणे १५० अंश सेल्सिअसच्या खालच्या तापमानाला क्रायोजेनिक म्हणतात. ही रेषा सोयीसाठी आखलेली असली तरी तिच्यामागे कारण आहे. ऑक्सिजन (उणे १८३), नायट्रोजन (उणे १९६), हायड्रोजन (उणे २५३) आणि हीलियम (उणे २६९) हे वायू साध्या दाबाला या रेषेच्या बरेच खालीच द्रव होतात. नेहमीच्या तापमानाला कितीही दाबले तरी ते द्रव होत नाहीत. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा, म्हणून तो या गटात बसत नाही. क्रायोजेनिक इंजिनाला ते नाव मिळालं ते द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनमुळे. इंजिनाच्या आत ज्वलन मात्र प्रचंड तापमानालाच होतं. मृतदेह गोठवून ठेवण्याला ‘क्रायोजेनिक्स’ म्हटलेलं अनेकदा वाचायला मिळतं, ते चूक आहे. त्याला क्रायोनिक्स म्हणतात.

आता झाकण. भांडं दुहेरी भिंतीचं आणि मध्ये निर्वात असलं तरी थोडी उष्णता आत शिरतेच आणि नायट्रोजन सतत उकळत राहतो. एक लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला वाट मिळाली नाही तर भांडं फुटतं. म्हणून बूच घट्ट ठोकू नका, तोंडात कापड कोंबू नका. दमट हवेत भांड्याच्या मानेत बर्फ साचून तोंड आपोआप बंद होतं, तेही पाहत चला.

खरा धोका मात्र श्वासाचा, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत दहा लिटर द्रव सांडला, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६च्या आसपास येतो. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ कोसळतो. त्यामुळे खोलीत हवा खेळती हवी आणि ऑक्सिजन मापक हवाच. भरलेलं भांडं लिफ्टमधून न्यायचं तर ते एकटंच पाठवा, माणसांनी जिन्याने जावं.

हातमोजे सैल घाला, म्हणजे आत द्रव गेला तर झटकन काढता येतात. पँट बुटांच्या बाहेर ठेवा, चेहऱ्यावर ढाल लावा. ओतताना आधी थोडंसंच ओता, भांडं गार होऊन उकळी बसली की मग बाकीचं. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. साधं पोलाद या थंडीत ठिसूळ होऊन तडकतं.