सहा गाड्या, एक घाट आणि फोनला रेंज नाही

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे मित्र, सहा फोर बाय फोर गाड्या आहेत. पावसाळ्यात मुरबाडवरून माळशेज चढून वर जुन्नर, नाणेघाटच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर जातो. टोकावडे सोडलं की फोनची रेंज येऊन जाऊन असते, आणि मागची गाडी अडकली तर पुढच्यांना कळतच नाही. दुकानदार पाच वॉटचे वॉकी-टॉकी दाखवतोय, म्हणतो दहा किलोमीटर चालतात, लायसन्स वगैरे काही लागत नाही. घेऊ का? की सीबी रेडिओ लावू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुकानदाराच्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, त्यामुळे आधी थांबा, पैसे देऊ नका.

लायसन्सचं आधी बोलू कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडे कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर कोणीही बोलायचं असं नाहीये, ते केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी म्हणजे वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग ठरवते. सामान्य माणसाला विनापरवाना बोलण्यासाठी कामाचे असे दोनच पट्टे आहेत. एक ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, जो २०१८ च्या नियमांनी मोकळा झाला, आणि दुसरा जुना सिटिझन बँड, म्हणजे तुम्ही म्हणताय तो सीबी, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ. आता दुकानात जे पाच वॉटचे सेट असतात ते बहुतेक असे की बटणं दाबून कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकता येते, पोलीस, अग्निशमन, रेल्वे, विमानतळ यांच्या आसपासचीही. असा सेट लायसन्स नसताना वापरणं बेकायदा आहे, मग तो दुकानात कितीही उघड विकत असोत. ऑनलाईन तर हा प्रकार इतका वाढला की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला शॉपिंग साईट्सना नोटिसा काढाव्या लागल्या आणि वॉकी-टॉकी विक्रीसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना आणाव्या लागल्या. मुंबईसारख्या शहरात नाकाबंदीला हवालदाराने विचारलं तर "दुकानदार म्हणाला होता" हे उत्तर चालत नाही हो.

म्हणून सेट घेताना दोन गोष्टी मागा. फ्रिक्वेन्सी ४४६ वालीच आहे हे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं हवं, आणि ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाईप अप्रूव्हलचं सर्टिफिकेट, त्याच मॉडेलच्या नावाचं. नुसता नंबर तोंडी सांगितला तर मान्य करू नका, मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर चार दुकानं फिरा, जो कागद दाखवतो त्याच्याकडून घ्या. आणि बिल व सर्टिफिकेटची झेरॉक्स प्रत्येक गाडीच्या कागदांत ठेवून द्या, मी तसंच करतो.

आता दहा किलोमीटरचं. हे ४४६ वाले सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात, आणि पाच वॉट म्हणजे दहापट म्हणून लोकांना वाटतं अंतरही दहापट. तसं नसतं. मोकळ्या हवेत पॉवर दहापट केली तरी अंतर जेमतेम तिप्पट होतं, आणि मध्ये डोंगर आला की तेवढंही नाही. या फ्रिक्वेन्सी नजरेसारख्या सरळ जातात, तुम्हाला समोरची गाडी दिसत असेल किंवा मध्ये फक्त झाडी असेल तर आवाज पोचतो, मध्ये सह्याद्रीचा अख्खा काळा कातळ आला तर पाच वॉट काय आणि पन्नास वॉट काय. पावसाळ्यात ओली पानं पण आवाज खातात, ४४६ वर जरा जास्तच. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, सपाट पठारावर गाडीतून गाडीत दीड-दोन किलोमीटर आरामात मिळतं, घाटाच्या वळणांवर मात्र कधीकधी तीनशे मीटरवर पण खरखर होते.

याची खात्री मुंबईतच करून बघा, गंमत म्हणून नाही, खरंच कळण्यासाठी. एकाने नरिमन पॉईंटला उभं राहायचं, दुसऱ्याने गिरगाव चौपाटीला, मध्ये नुसतं पाणी. मरीन ड्राईव्हची ही दोन टोकं साधारण साडेतीन किलोमीटर लांब, तरी बोलणं जमण्याची शक्यता चांगली असते. मग तोच दुसरा माणूस ठाकूरद्वारच्या गल्लीत शिरू दे, पाच-दहा बिल्डिंगा मध्ये आल्या की काय होतं ते ऐका. घाटात तेच होणार आहे. (बिल खिशात ठेवून जा.)

मग सहा गाड्यांचं कसं जमवायचं? वॉट वाढवून नाही, ओळ लावून. लीड गाडी आणि सर्वात मागची स्वीप गाडी या दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं होईलच असं गृहीत धरू नका. मधल्या, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या गाडीकडे एक शांत माणूस बसवा, त्याचं काम फक्त निरोप पुढे-मागे पोचवणं. मागून "सहा नंबर थांबली" आलं की तो पुढे सांगणार "लीड, सहा नंबर थांबली, थांबा", आणि लीड "थांबलो" म्हणेपर्यंत सोडणार नाही. वळणावर आवाज पोचत नसेल तर हा मधला माणूस गाडी उंचवट्यावर उभी करून दोन्ही बाजूंना बोलू शकतो. हे इतकं साधं आहे आणि याने इतका फरक पडतो की मी तर म्हणेन महागडा सेट घेण्याआधी हे शिका.

दुसरी गोष्ट, सहाही गाड्यांत एकच मॉडेल घ्या. का ते सांगतो, मला भोवलंय. दोन वर्षांपूर्वी जुलैत जुन्नरकडच्या एका कच्च्या उतारावर आम्ही पाच गाड्या होतो, चार सेट एका मॉडेलचे आणि पाचवा मित्राने घरून आणलेला वेगळा. चॅनल जुळवले, "हॅलो हॅलो" झालं, तो बोललेला सगळ्यांना ऐकू आलं म्हणून निघालो. खाली वळणाच्या पुढे चिखल होता, लीडने ओरडून सांगितलं की उजवीकडून ये, डावीकडे येऊ नको. बाकी सगळे उजवीकडून गेले, पाचवा सरळ डावीकडे आणि दोन चाकं एक्सलपर्यंत आत. माणसाला काही झालं नाही पण गाडी काढायला अडीच तास गेले आणि अंधार पडला. कारण काय, तर त्याच्या सेटमध्ये सब-टोन चालू होता. या टोनला काही ठिकाणी प्रायव्हसी कोड पण म्हणतात, पण त्याने बोलणं गुप्त वगैरे काही होत नाही, तो फक्त कान बंद करतो. ज्या सिग्नलमध्ये तो टोन नसेल तो सेट वाजवतच नाही. आमच्या सेटना टोन नव्हता म्हणून त्याचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आमचं त्याला काहीच नाही, आणि त्याला वाटत होतं आम्ही गप्प आहोत. तेव्हापासून निघताना टेस्ट दोन्ही बाजूंनी घेतो, प्रत्येकाने बोलायचं आणि प्रत्येकाने उत्तर द्यायचं, एकही गाडी सोडायची नाही. टोन बंदच ठेवतो. सोळा चॅनल असतात, दुसऱ्या ग्रुपचा आवाज आला तर चॅनल बदलायचा, बस.

सेट बघताना आयपी रेटिंग पण बघा. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सहन करेल, आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पावसाला दुसरा बरा. चार्जिंग यूएसबीवर होणारा घ्या म्हणजे गाडीतच होईल. आणि बोलताना सेट मांडीवर ठेवू नका, चारी बाजूंनी पत्रा असतो, काचेजवळ आणि उभा धरा, अँटेना आडवी झाली की आवाज पडतो. या सेटची अँटेना बहुतेक वेळा पक्की बसवलेली असते, ती कापून मोठी लावायचे उद्योग करू नका, मग तो सेट मंजुरी मिळालेला सेट राहत नाही.

सीबीचं थोडक्यात. पट्टा मोकळा आहे, पाच वॉटपर्यंत चालतो, उंचसखल भागात ४४६ पेक्षा थोडा वळून जातो हे पण खरं. पण २७ मेगाहर्ट्झची लाट अकरा मीटर लांब, तिच्या पाव भागाची अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर, ती आखूड करून गाडीवर लावली की नीट ट्यून करावी लागते, नाहीतर सेटच जळतो. इंजिनच्या इग्निशनची खरखर येते. आणि उद्या नवीन मित्र सातवी गाडी घेऊन आला तर त्याला सीबी कुठून देणार? तुमच्यासाठी नको. सहा हातातले ४४६ सेट आणि सातवा जास्तीचा, कारण गाडीबाहेर उभं राहून वाट दाखवणाऱ्याच्या हातातही एक लागतो.

प्रश्न : आमच्या दोनच गाड्या असतात, एक माझी आणि एक दिराची. मी ड्राईव्ह करते, बाजूला सासूबाई बसतात. वॉकी-टॉकी त्यांच्याकडे दिला तर चालेल का, की तो ड्रायव्हरकडेच लागतो? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, त्यांच्याकडेच द्या, तेच बरोबर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्याच वेळी दंड एक ते पाच हजार किंवा कैद सुद्धा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कच्च्या उतारावर स्टिअरिंगला दोन्ही हात लागतातच.

सासूबाईंना तीन गोष्टी शिकवा. बटण दाबलं की एक सेकंद थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि "नका येऊ" मधलं "नका" गेलं तर काय होईल विचार करा. म्हणून मी तर "नका येऊ" म्हणूच नका असं सांगतो, "थांबा" म्हणायचं, तेही दोनदा. दुसरं, निरोप ऐकला की तो परत म्हणायचा, "उजवीकडून, कळलं". तिसरं, बोलून झालं की "ओव्हर" म्हणून बोट काढायचं. सेट दोन सीटच्या मध्ये दाबला जाऊन बटण अडकलं तर पूर्ण चॅनल बंद पडतो आणि सगळ्यांना तुमच्या घरातल्या गप्पा ऐकू येतात, म्हणून त्याला जागा ठरवून द्या. व्हॉक्स नावाची सोय असते, आवाज आला की आपोआप चालू होणारी, ती बंद करा. एसी, गाणी, खड्ड्यातला धक्का, कशानेही चालू होते.

आणि अवघड जागी, म्हणजे दगडांवर किंवा ओढा ओलांडताना, समोर उभा राहून वाट दाखवणारा एकच माणूस असू दे आणि तुम्ही त्याच्या हाताकडे बघा, रेडिओवर बाकी सगळे गप्प. दोघांनी दोन दिशा सांगितल्या की चालवणारा गोंधळतो. ओढ्याला पाणी चढलेलं असेल तर मात्र रेडिओवर विचारायचंच नाही की जाऊ का, मागे फिरायचं.

प्रश्न : हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढलं तर ग्रुपसाठी उपयोग होईल का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तुमच्यासाठी नक्की काढा, ग्रुपसाठी म्हणून नको. परीक्षा द्यावी लागते, वय किमान १२, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलता येतं. पण लायसन्स माणसाचं असतं, गाडीचं नाही. तुमचं आहे म्हणून बाजूच्या गाडीतल्या मित्राने सेट उचलून बोलायचं नाही. सहापैकी सहा जण परीक्षा देणार असतील तर मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, पॉवर मिळते, बाहेरची अँटेना लावता येते, डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र, आवाक्यात असेल तर पलीकडच्या दरीत आवाज जातो. मुलामुलींना घेऊन परीक्षेला बसा, छान अभ्यास आहे. धंद्यासाठी म्हणजे पैसे घेऊन टूर काढत असाल तर हॅम चालत नाही, त्याला रीतसर फ्रिक्वेन्सी मागून लायसन्स घ्यावं लागतं.

प्रश्न : भाचा अमेरिकेहून येतोय, तिथले वॉकी-टॉकी आणि सॅटेलाईट मेसेंजर आणू का विचारतो. वॉकी-टॉकीवर २५ मैल लिहिलंय. – एक वाचक, वसई

उत्तर : दोन्ही नको, आजच फोन करून सांगा. तिकडचे सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, ते पट्टे आपल्याकडे मोकळे नाहीत. सॅटेलाईटचं तर अजून कडक आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला आलेल्या अतिरेक्यांकडे सॅटेलाईट फोन होता हे मुंबईला वेगळं सांगायला नको. परवानगीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि परदेशी पाहुणे नकळत मेसेंजर घेऊन आले आणि विमानतळावरच अडकले असं झालेलं आहे. भाच्याला त्यात टाकू नका. सिमवर चालणारे वॉकी-टॉकी "देशभर रेंज" म्हणून विकतात ते पण यासाठी नको, ते मोबाईल नेटवर्कवरच चालतात, म्हणजे जिथे फोन गेला तिथे तेही गेले.

अडकलात तर काय, हा खरा प्रश्न आहे ना तुमचा? निघताना घरच्या एका माणसाला रस्ता आणि परतायची वेळ लिहून द्या, रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला फोन कर असं ठरवून. जाताना शेवटची रेंज कुठल्या गावाला होती ते प्रत्येक वेळी रेडिओवर मोठ्याने सांगा आणि कोणीतरी वहीत लिहा. अपघात झाला तर एक गाडी त्याच गावाला मागे पाठवायची, आणि जाणारी गाडी कोणती हे घरून निघतानाच ठरलेलं हवं.