बालीला चाललीयेस म्हणून

बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि सहा दिवसांत चौदा देवळांची ती लिस्टपण बघितली, आधी त्यातली दहा खोड. गाडीतून उतरलं, हात जोडले, फोटो काढला, परत गाडीत, असं तिथं करू नकोस (अष्टविनायकपण आपण असाच उरकतो म्हणा, ते असो).

माझी फजिती सांगते. पहिल्यांदा बेसाकीला गेले, अगुंग पर्वताच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारं, म्हणजे एक देऊळ नव्हेच ते, देवळांचं गावच आहे, 1963 ला अगुंग फुटला तेव्हा लाव्हा अगदी जवळून वाहत गेला आणि हे वाचलं, आणि मी धापा टाकत वर पोचून पहिलं काय विचारलं तर मूर्ती कुठाय? समोर दगडी आसनं, उंच, कोरीव, आणि रिकामी. त्यांना पद्मासन म्हणतात. देव सणाला उतरतात, येऊन बसतात आणि परत जातात, एरवी आसन मोकळंच. मला तर फसवल्यासारखं वाटलं गं, एवढ्या लांब येऊन दर्शनच नाही!

मग ज्या घरी उतरले होते तिथल्या बाईंनी, मी त्यांना इबू म्हणायचे, म्हणजे आईच, गावातल्या देवळाच्या ओदालानला नेलं. ओदालान म्हणजे देवळाचा वर्धापनदिन, पण तो बहुतेक ठिकाणी 210 दिवसांनी येतो, त्यांचं एक कॅलेंडरच तेवढ्या दिवसांचं आहे. बायका गुडघे मुडपून बसतात, पुरुष मांडी घालून, माझे गुडघे तर बोंबलत होते. इबूंनी नारळाच्या पात्याची विणलेली फुलांची तबकडी माझ्यापुढे ठेवली, चनांग म्हणतात तिला, उदबत्ती लावली आणि माझे हात धरून कपाळाच्या वर नेले. पहिला नमस्कार रिकाम्या हातांनी, मग बोटांच्या टोकात फूल धरून, ते फूल नंतर कानामागे. मग पुजाऱ्याने तीर्थ शिंपडलं, तीनदा ओंजळीत दिलं, आणि ओले तांदूळ दिले, कपाळाला आणि गळ्याशी चिकटवायचे. आपल्या अक्षताच की! सुरुवातीला गायत्री मंत्र म्हणाले, उच्चार वेगळे पण मला कळला, आणि तिथं मी रडले. मूर्तीचं काही आठवलं नाही मग.

म्हणून एकतरी ओदालान गाठ, पण नुसती घुसू नकोस, कुणी नेलं तर जा. सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि कमरेला सेलेंदांग, म्हणजे कापडी पट्टा, बांधल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. पाळी असेल तर बाहेर थांबायचं, तसे बोर्डच असतात, घरात सुतक असेल तरी तेच. मला पाळीचं पटत नाही, तुलाही पटणार नाही, पण पाहुणी म्हणून गेल्यावर मी भांडले नाही, तू काय करायचं ते तू ठरव. आणि एका देवळापाशी 'गाईडशिवाय आत सोडत नाहीत' म्हणून एकाने माझ्याकडून भरपूर पैसे उकळले, तेव्हा आधी तिकीट खिडकीवर विचार.

तिर्ता एम्पुलला सकाळी लवकर जा. इ.स. 962 च्या सुमाराचं झऱ्याचं देऊळ आहे ते, पाणी गारढोण, डावीकडून एकेका धारेखाली डोकं घालत जायचं. त्यातल्या काही धारा मृतांच्या विधीच्या असतात, त्या सोडायच्या, पुढच्या बाईकडे बघत राहा म्हणजे चुकणार नाहीस. कोरडे कपडे न्यायला विसरू नकोस, मी विसरले होते!

आणि जमलं तर न्येपीला जा, त्यांचं शक नववर्ष. आपला पाडवा कधीकधी त्याच दिवशी येतो. 2023 ला आला होता, 22 मार्चला, आणि आकडापण तोच, शके 1945! पण त्या दिवशी अख्खं बेट बंद, दिवा नाही, काम नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एअरपोर्टसुद्धा बंद, तेव्हा फ्लाईट बघून काढ. मी खोलीत पडदे ओढून घरून नेलेली साखरेची गाठी चघळत बसले होते, रात्री इबूंनी दार वाजवलं आणि बोटाने नुसतं वर दाखवलं. एवढे तारे मी सांगलीत कधी बघितले नव्हते.

तिकिटं झाली की सांग, माझा तपकिरी सारोंग घेऊन जा, कपाटात नुसता पडलाय.

तुझी,
काकू