कसमादेत की कसमाद्यात?

प्रश्न असा आला आहे: नाशिकच्या बातम्यांत 'कसमादेत गारपीट' असं वाचलं. पुणे-पुण्यात, ठाणे-ठाण्यात, मग 'कसमाद्यात' का नाही? आणि हे गाव आहे तरी कुठे?

कसमादे हे गाव नव्हे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या चार तालुक्यांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. त्यातला 'स' मला फार आवडतो. तालुक्याचं सरकारी नाव बागलाण, सटाणा हे त्याचं मुख्य ठाणं. पण लोक सटाणा तालुकाच म्हणतात, आणि नावात लोकांचाच 'स' आला.

या चौघांना बांधते ती गिरणा नदी. सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीला जातं, उत्तरेचं गिरणेला आणि पुढे तापीला. आरम नदी ठेंगोड्याजवळ आणि मोसम नदी मालेगावाजवळ गिरणेला मिळते. चणकापूर धरणाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार, ही चिंता कळवणपासून मालेगावपर्यंत सारखीच. तरीही 'कसमादे खोरे' लिहू नये. खोरं गिरणेचं, आणि ते जळगाव जिल्ह्यातही पसरलेलं आहे. कसमादे हा त्याचा वरचा पट्टा.

आता रूपाकडे. पुणे, ठाणे, खोरे ही मुळात 'पुणें, ठाणें, खोरें' अशी एकारान्त नपुंसकलिंगी नामं. त्यांच्या शेवटच्या 'ए'चा सामान्यरूपात 'या' होतो. देवळा तालुक्यातलंच उमराणे घ्या: उमराण्याचा बाजार, उमराण्यात कांदा. कसमादेतला 'दे' मात्र देवळा या नावाचा तोडलेला तुकडा आहे. तो पुण्यातल्या 'णे'सारखा बदलला तर 'द्या' होईल आणि देवळा हरवेल. म्हणून कसमादेत, कसमादेतील, कसमादेचा. 'कसमाद्यात' मी तिथल्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिथल्या अहिराणी बोलीत तर अडचणच नाही. गावमा, वावरमा म्हणतात तसं सरळ कसमादेमा.

काही जण 'क.स.मा.दे.' असे टिंब देतात. मी देणार नाही. माणसं स्वतःला 'आम्ही कसमादेचे' म्हणून ओळख सांगतात, तेव्हा ते संक्षेप राहिलेलं नसतं, पूर्ण विशेषनाम झालेलं असतं. नुसतं 'कसमादे' लिहायला अवघड वाटलं तर 'कसमादे पट्टा', 'कसमादे परिसर' लिहा. मग 'पट्ट्यात', 'परिसरात' अशी रूपं आपोआप जमतात.