वाचकांचे प्रश्न : झऱ्याला वसंत का म्हणू नये?

प्रश्न : उनपदेव या गरम पाण्याच्या झऱ्याच्या ठिकाणाच्या माहितीचा इंग्रजी उतारा मराठीत करताना मी ‘हॉट स्प्रिंग’चे ‘उष्ण वसंत ऋतू’ केले आणि गुण गेले. एका शब्दाचे इतके अर्थ पाठ कसे करायचे?
– इयत्ता अकरावीची विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : पाठ करू नका, आधी त्यामागचे चित्र पाहा. ‘स्प्रिंग’ हे मुळात क्रियापद, अर्थ उसळणे किंवा उडी घेणे. जमिनीतून पाणी उसळते तो झरा. फांदीतून पालवी उसळून येते तो वसंत. दाबून सोडलेली तार उसळते, तिला आपणही स्प्रिंगच म्हणतो. चित्र एक, अर्थ तीन. उताऱ्यात शेजारी पाणी, कुंड, गंधक असे शब्द असले की झराच घ्यायचा. ‘स्प्रँग’, ‘स्प्रंग’ अशी रूपे दिसली तर ते क्रियापद आहे.

मराठीत हे रोजचेच आहे. झाडाचे पान आणि वहीचे पान, झाडाची शाखा आणि बँकेची शाखा, रोपाचे मूळ आणि वर्गमूळ. इंग्रजीतले ‘लीफ’, ‘ब्रँच’, ‘रूट’ याच वाटेने गेले. ‘करंट’ तर आणखी सोपा. लॅटिनमधल्या ‘धावणे’ या क्रियापदापासून तो आला, म्हणून तापीचा प्रवाह करंट, तारेतली वीज करंट, आणि ‘करंट अकाउंट’ म्हणजे चालू खाते. आपला ‘चालू’ही ‘चालणे’वरूनच आला आहे.

मात्र सगळीकडे चित्र शोधू नका. ‘बार्क’ म्हणजे साल आणि ‘बार्क’ म्हणजे भुंकणे, यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला जुन्या नॉर्स भाषेतून आला, दुसरा जुन्या इंग्रजीतला. पुढे दोघांचे स्पेलिंग एक झाले, इतकेच. ‘स्टेम’ म्हणजे खोड आणि ‘स्टेम’ म्हणजे अडवणे, हेही तसेच दोन वेगळे शब्द. असे शब्द मात्र सुटे सुटे लक्षात ठेवावे लागतात. चांगल्या कोशात शब्दाच्या डोक्यावर १, २ असे बारीक आकडे देऊन त्यांच्या स्वतंत्र नोंदी केलेल्या असतात. एकाच नोंदीच्या पोटात अर्थांना क्रमांक दिले असतील, तर ते एकाच शब्दाचे फाटे.

प्रश्न : केकच्या पाककृतीत ‘करंट’ लिहिले आहे. छपाईची चूक का?
– धुळे

उत्तर : नाही. स्पेलिंग बघा, शेवटच्या ‘एनटी’च्या आधी ‘ए’ आहे. प्रवाहाच्या शब्दात तिथे ‘ई’ असते. हे बारीक काळे मनुके, नाव ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून पडलेले.

प्रश्न : केळीच्या इंग्रजी माहितीपत्रकात ‘सकर’, ‘सकिंग पेस्ट’, ‘हँड’, ‘स्टेम’ असे शब्द आहेत. ‘सकर’वर औषध मारायचे का?
– केळी उत्पादक, रावेर

उत्तर : इथे घाई केली तर फवारणीचा खर्च वाया जाईल. ‘सकर’ म्हणजे बुंध्याशी फुटणारे पील. ‘सकिंग पेस्ट’ म्हणजे मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी. दोन्ही शब्द ‘चोखणे’ या क्रियापदाचे, पण उपाय वेगळे. ‘रिमूव्ह सकर्स’ असेल तिथे विळा घ्यायचा, ‘कंट्रोल सकिंग पेस्ट्स’ असेल तिथेच फवारणीचा विचार करायचा. पिलबाग धरायची असेल तर पुढच्या पिकासाठी एक जोमदार पील राखून बाकीचे कापा. सगळे ठेवले तर मुख्य झाडाचे अन्न वाटले जाते आणि घड हलका भरतो.

‘बंच’ म्हणजे पूर्ण घड, ‘हँड’ म्हणजे फणी, ‘फिंगर’ म्हणजे एक केळ. म्हणून ‘रिमूव्ह द लास्ट हँड’ म्हणजे घडाच्या टोकाकडची शेवटची फणी काढा. ‘हँड’ला घड समजून कोयता चालवला तर हंगामच हातचा जाईल.

‘स्टेम’चा अर्थ मात्र नीट तपासा. केळीत डोळ्यांना दिसते ते खोड पानांच्या आवरणांनी एकमेकांत गुंडाळून बनलेले असते. त्याला ‘सुडोस्टेम’ म्हणजे आभासी खोड म्हणतात. खरे खोड म्हणजे जमिनीतला गड्डा, त्याला ‘कॉर्म’ किंवा ‘ऱ्हायझोम’ म्हणतात. पत्रकात ‘सुडोस्टेम’ असेल तर काम जमिनीच्या वर, ‘कॉर्म’ असेल तर गड्ड्याशी. नुसते ‘स्टेम’ लिहिले असेल तर अंदाज करू नका, कृषी सहायकांना पत्रक दाखवून मगच मात्रा द्या.