पांढरी मादी, काळा नर आणि करडी पिल्लं

प्रश्न : लाल डोळ्यांची पांढरी सशाची मादी काळ्या नराला भरवली (जोडा लावला). सात पिल्लं झाली. चार करडी, तीन काळी, पांढरं एकही नाही. सासूबाई म्हणतात, केळीच्या बागेतला रानससा पिंजऱ्यात शिरला असणार. खरं असेल का? पांढरी पिल्लं कशी मिळतील?
– एक वाचक, यावल

उत्तर : ताई, रानसशाचा इथे काही संबंध नाही. त्याची गुणसूत्रं 48, पाळीव सशाची 44. त्यांचा संकर होतच नाही. करडा रंग तुमच्या पांढऱ्या मादीनेच दिलाय.

लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशात रंगद्रव्य तयारच होत नाही. त्यामुळे बाकीच्या रंगांची जनुकं अंगात असूनही दिसत नाहीत, पिल्लांत मात्र उतरतात. करडा काळ्यावर भारी असतो. नराकडे तो असता तर नर स्वतःच करडा दिसला असता. पिल्लं महिन्याची झाली की करड्याच्या पाठीवर हळूच फुंकर मारा. केस बाजूला होऊन गोल कडी दिसतील : तळाशी निळसर राखाडी, मध्ये भगवट, टोकाला काळी. काळ्या पिल्लात ती दिसणार नाहीत. अशी मादी ‘भेसळीची’ म्हणून लोक विकून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही विकू नका.

आता पांढऱ्याचं. तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. नरात तो लपलेला असता तर सातही पिल्लं रंगीत निघण्याची शक्यता 128 मध्ये 1 एवढीच होती. म्हणजे नरात पांढरा नाही असंच धरा. याच जोडीला पुन्हा भरवून उपयोग नाही. पण सातही पिल्लांत आईचा पांढरा लपलेला आहे. त्यातल्या माद्या वयात आल्यावर बाहेरच्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्या नराला भरवा, सरासरी निम्मी पिल्लं पांढरी येतील. एखाद्या वेतात कमी-जास्त होईल. भावंडं एकमेकांना भरवू नका, पिलावळ कमजोर होते.

सगळीच पांढरी हवीत? मग तुमच्या मादीला लाल डोळ्यांचाच पांढरा नर आणा. निळ्या डोळ्यांचा पांढरा घेऊ नका. त्याचं पांढरेपण वेगळ्या जनुकाचं, पिल्लं बहुधा रंगीत निघतील.

आणि हे एप्रिल-मेमध्ये नको. आपल्याकडच्या उन्हात नराचं बीज कमजोर पडतं. दिवाळीनंतर भरवा, आणि प्रत्येक पिंजऱ्यावर आई-बापाचा रंग लिहून ठेवा.