कवळ्याची ओटी, राजापूरचं छप्पर आणि सोसायटीतले नऊ लाख

बेळगावच्या शहापूर भागातून एका निवृत्त शिक्षिकेनं पाठवलेलं पत्र थोडक्यात असं: त्या ६२ वर्षांच्या, यजमान ६७, सासूबाई ८४, नणंद ५८. यजमानांचे पणजोबा राजापूर तालुक्यातलं गाव सोडून रेल्वेच्या कामावर कॅसलरॉकला आले आणि पुढं घराणं बेळगावात रुजलं. कुलदेवता गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा. कॅसलरॉकचा घाट आगगाडीनं उतरून कवळे आणि राजापूरचं मूळ गाव बघायचं घरात कित्येक वर्षं ठरतंय आणि राहून जातंय. आता एका टूर कंपनीनं चौघांच्या ११ दिवसांसाठी ३ लाख ४० हजार सांगितलेत. गावची भावकी म्हणते, येताच आहात तर जुन्या घराच्या छपराला ४ लाख द्या, घरावर तुमचंही नाव लावू. ताईंचं पेन्शन ३४ हजार, घरखर्च २७ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख, खातं १४ महिन्यांचं. एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी पतसंस्थेत, साडेनऊ टक्क्यांनी तीन-तीन लाखांच्या ठेवीच्या तीन पावत्या, त्यातली एक डिसेंबरात पुरी होते. बँकेत बचत खात्यावर १ लाख ६० हजार. प्रश्न असा की जावं का, आणि पोस्टातले पैसे मोडावेत का.

ताई, नमस्कार.

जावं, आणि याच हिवाळ्यात जावं. पोस्टातल्या पैशांना हात लावू नये. छपराचे ४ लाख आत्ता देऊ नयेत. हे तीन निर्णय माझ्या मनात अगदी स्पष्ट आहेत. मात्र तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा जास्त लागून राहिली. तुम्ही ती विचारलेली नाही, तरी तिच्यावर मी शेवटी येणार आहे.

आधी सासूबाईंबद्दल. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की १९५७ साली त्यांचं लग्न झालं, तेव्हा देवीची ओटी भरायला जाता आलं नाही, कारण 'गाडी बंद होती'. ती का बंद होती हे नातवंडांना सांगण्यासारखं आहे. घाटातून गोव्यातल्या मुरगावला जाणारा हा मार्ग १८८८ साली सुरू झाला. कॅसलरॉक हे इंग्रजी हद्दीतलं शेवटचं स्टेशन, पुढं पोर्तुगिजांची हद्द. १९५५ मध्ये भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि गाड्या थांबल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच मार्ग पुन्हा मोकळा झाला. म्हणजे सासऱ्यांच्या आजोबांनी ज्या रुळांवर घाम गाळला, त्याच रुळांवरून नव्या सुनेला देवीला नेता आलं नाही. पुढं एकदा मोटारीनं घाईघाईत दर्शन झालं, पण गाडीनं घाट उतरायचा राहिलाच. ८४ व्या वर्षी 'पुढच्या साली बघू' म्हणणं हाच मला या सगळ्यातला मोठा धोका वाटतो. ठेवीची मुदत वाढवून मिळते, चालण्या-फिरण्याची मिळत नाही.

आता खर्च. टूर कंपनीचे ३ लाख ४० हजार मी बाजूला ठेवून स्वतः बेरीज केली. गोव्यात चार रात्री, राजापुरात तीन, दोन्हीकडे दोन-दोन खोल्या, खोलीला अडीच हजार धरले तर ३५ हजार. परतताना पनवेलमार्गे पुण्यात मुलाकडे उतरणार, तिथं खोलीचा खर्च नाही. स्थानिक मोटार सहा दिवस, दिवसाला साडेचार हजार, म्हणजे २७ हजार. जेवणखाण दहा दिवसांचं चौघांचं २० हजार. थर्ड एसीनं बेळगाव ते बेळगाव पूर्ण फेरी चौघांची १५ हजारांत बसावी. अभिषेक, ओटी, देवस्थानची देणगी, भावकीच्या मुलाबाळांना खाऊ-कपडे असे १५ हजार. झाले १ लाख १२ हजार. आजारपण, तारखा बदलणं, एखादा मुक्काम वाढणं यासाठी वर २५ टक्के धरले की १ लाख ४० हजार. आपण दीड लाख धरू. कंपनीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, आणि कंपनीच्या कार्यक्रमात तुमचं राजापूरचं गाव नाहीच, त्याऐवजी किनाऱ्यावरचं हॉटेल आहे.

मुलानं क्रेडिट कार्डावर हप्ते करून द्यायची तयारी दाखवलीय, त्याचं मन चांगलं आहे. पण हातात पैसे असताना कार्डाचे हप्ते कशाला? त्याला सांगा, पनवेलला न्यायला ये आणि दोन दिवस रजा काढ. आजीला तेच जास्त आवडेल.

रेल्वेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं पैशापेक्षा माहितीनं जास्त वाचतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका. पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुषांना ६० पासून, बायकांना ४५ पासून. हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर लागतो. म्हणून चौघांचं एक तिकीट काढू नका, दोन-दोन जणांची दोन काढा. तुम्ही चौघंही त्या वयात बसता. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. सगळ्या फेरीचं एकच चक्राकार तिकीट काढता येतं, त्यात आठपर्यंत थांबे घेता येतात आणि लांब अंतराच्या दरानं भाडं थोडं कमी पडतं. त्यासाठी हुबळी विभागाकडे अर्ज, मार्ग ठरवणं, मग प्रत्येक टप्प्याचं वेगळं आरक्षण. सोबत ८४ वर्षांचं माणूस असताना मी ते करणार नाही. तुकड्या-तुकड्यांची तिकिटं काढा, एखादा टप्पा रद्द करावा लागला तर बाकीचे अडकत नाहीत.

आणि घाट दिवसाच उतरा. बेळगावहून सुटणाऱ्या-जाणाऱ्या काही गाड्या तो रात्री उतरतात, मग खिडकीबाहेर फक्त अंधार. लोंढ्यापर्यंत मोटारीनं जा आणि तिथं हुबळीकडून येणारी, उजेडात घाट उतरणारी गाडी धरा. कॅसलरॉक ते कुळें हा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे, वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. पणजोबांचं काम काय होतं, ते तिथं न सांगता कळेल. माझं बालपण लोंढ्याजवळ गेलं, त्या इंजिनांचा आवाज रात्री अंथरुणात ऐकू यायचा, म्हणून इतकं लिहिलं. दूधसागर खिडकीतूनच बघा, तिथं उतरायच्या भानगडीत पडू नका.

गोव्यात वेळ काढून केळशीला जाच. शांतादुर्गेचं मूळ ठाणं ते. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा १५६६ मध्ये देवी तिथून हलवून फोंड्याकडच्या कवळ्याला आणली, कारण तो मुलूख तेव्हा त्यांच्या हाताबाहेर होता. आजचं मोठं देऊळ अठराव्या शतकातलं, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. कवळे बघितलं आणि केळशी नाही, तर तुमच्या घराण्याचं कोकणात जाणं निम्मंच समजेल. पुढं मडगावहून मांडवी एक्सप्रेस दिवसाची आहे, ती राजापूर रोडला थांबते. स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे, मोटार आधी सांगून ठेवा.

तारीख फेब्रुवारीची धरा. नाताळात गोव्यातल्या खोल्यांचे दर चढलेले असतात, पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करून चालते आणि सासूबाईंना ओल्या फलाटावर चालवायचं नाही. डिसेंबरात पावती पुरी होते, त्याच महिन्यात फेब्रुवारीची तिकिटं उघडतात.

आता छप्पर. ताई, खर्चाची खरी गळती इथं आहे. प्रवास दीड लाखात सुरू होऊन दीड लाखात संपतो. जुन्या घराचं तसं नसतं. यंदा वासे, पुढच्या वर्षी जांभ्याची भिंत, मग वीज, मग दर गणपतीला कौलं. आणि ४ लाख देऊन तुमच्या हाती काय येतं? दुरुस्तीला पैसे दिले म्हणून मालकी येत नाही. सीमेच्या अलीकडे कर्नाटकात आपण पहाणीचा उतारा बघतो, पलीकडे महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा आणि घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ बघायचा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. जायच्या आधी तो काढा, जुने फेरफार मागवा. पणजोबांच्या नावानंतर वारसनोंदी झाल्यात का, आज किती जणांची नावं आहेत, हे आधी कळू द्या. पंचवीस-तीस वारस असतील तर 'तुमचंही नाव लावू' हा एका चुलत दिराचा शब्द आहे, बाकीच्यांची संमती नव्हे. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्यालाही बहुतेक छपराची काळजीच आहे. पण त्याच्या हातात जे नाही ते तो देऊ शकत नाही.

म्हणून गावात काही कबूल करू नका. मुक्काम राजापुरात करा, दिवसा गावी जा, जेवा, घर बघा, सासूबाईंना ओसरीवर बसू द्या. हातात द्यायचंच असेल तर २५ हजार द्या, परत मागायचे नाहीत असं मनाशी धरून, कौलांसाठी. मोठ्या रकमेचा विषय निघाला की सांगा, कागद बघून पावसाळ्यानंतर बोलू. राजापुरातल्या एखाद्या वकिलाला हजार-दोन हजार देऊन कागद दाखवा, ते पैसे वाया जाणार नाहीत.

पैसे कुठून काढायचे? पोस्टाचं खातं मोडलं तर दुसऱ्या वर्षात दीड टक्का कापतात, म्हणजे १५ हजार. शिवाय त्यातली थोडीच रक्कम काढता येत नाही, सगळं खातं बंद करावं लागतं. त्या खात्यावर तुम्हाला ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २० हजार ५०० मिळतात, ते राहू द्या. बचत खात्यावरचे १ लाख ६० हजार दवाखान्यासाठी. यजमानांचं हृदयाचं दुखणं दोन वर्षांपूर्वी झालंय, त्या पैशांना हात लावायचा नाही. डिसेंबरातली सोसायटीची ३ लाखांची पावती नूतनीकरण न करता काढून घ्या. दीड लाख प्रवास, २५ हजार कौलांना, उरलेले सव्वा लाख पोस्टात त्याच योजनेत नवं खातं उघडून. खर्च झालेल्या पावणेदोन लाखांवरचं व्याज महिन्याला सुमारे १,४०० रुपये बुडेल. तुमच्या पेन्शनमधून घरखर्च जाऊन ७ हजार उरतात, त्यामुळे घरात ते जाणवणार नाही.

आता ती न विचारलेली गोष्ट. तुमची जवळजवळ निम्मी पुंजी एका सोसायटीत आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, माणशी दर बँकेत ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना तो नसतो. तुमची सोसायटी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, तिचा ताळेबंद मी पाहिलेला नाही. पण आपल्या भागात ओळखीचे संचालक, गल्लीतलं ऑफिस आणि एक-दीड टक्का जास्त व्याज यावर आयुष्याची कमाई ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि सोसायटी अडचणीत आल्यावर स्वतःच्याच पैशांसाठी महिनोन्महिने फेऱ्या घालतानाही. हिशेब बघा: ३ लाखांच्या एका पावतीवर साडेनऊ आणि ८.२ टक्क्यांतला फरक वर्षाला ३,९०० रुपये, महिन्याला ३२५, तिन्ही पावत्यांचे मिळून ९७५. तेवढ्यासाठी विमा नसलेल्या जागी ९ लाख? तुम्ही प्रवासाच्या दीड लाखाला इतकं घाबरलात, आणि या नऊ लाखांबद्दल पत्रात एक ओळही काळजीची नाही.

तेव्हा पहिली पावती डिसेंबरात काढा, उरलेल्या दोन त्यांच्या-त्यांच्या तारखेला. मुदतीआधी मोडल्या तर किती कापतात ते पावतीच्या मागं छापलेलं असतं. त्याचा फोटो आणि दोन्ही तारखा मला कळवा, म्हणजे थांबायचं की आधीच काढायच्या ते बघू. डिसेंबरात जाताना मूळ पावती, आधार आणि बँकेचं पासबुक न्या, रक्कम रोख घेऊ नका, खात्यावर वळती करून घ्या. खिडकीवरचा मुलगा 'ताई, एक वर्ष अजून ठेवा, पाव टक्का वाढवून देतो' म्हणेल, तर त्याला सांगा, फेब्रुवारीची तिकिटं काढायची आहेत.