क्यूएमूचा उन्हाळी प्रकल्प: नागपुरातून मेंटॉरिंग करताना वेळापत्रक कसं आखावं?

तुमचा प्रश्न असा: नोकरी मिहानमध्ये, क्यूएमूत (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) अधूनमधून तुमचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, जातात, आणि यंदा गूगल समर ऑफ कोड या मुक्त सॉफ्टवेअरच्या उन्हाळी कार्यक्रमात नागपूरच्याच तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचे सहमेंटॉर आहात. प्रकल्प १७५ तासांचा, एका व्हर्टआयओ डिव्हाइसला (आभासी मशीनसाठीच्या आभासी उपकरणाला) नवी सोय जोडायची. आखणी कशी करावी?

आधी क्यूएमूचं कॅलेंडर उघडा. वर्षाला तीन आवृत्त्या निघतात: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबरच्या आसपास. ऑगस्टवालीचा सॉफ्ट फ्रीज (नव्या फीचरना लागणारा पहिला लगाम) बहुधा जुलैच्या मध्यावर लागतो, आठवडाभराने हार्ड फ्रीज. सॉफ्ट फ्रीजपर्यंत मेंटेनरच्या (त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्याच्या) पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे मुख्य कोडात बदल घेण्याच्या विनंतीत, न पोचलेलं फीचर पुढच्या आवृत्तीवर ढकललं जातं, आणि हार्ड फ्रीजनंतर फक्त बग दुरुस्त होतात. कोडिंग सुरू होतं मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. त्यात आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आडव्या येतात. हातात उरतात फार तर चार-पाच आठवडे, एवढ्यात अख्खं फीचर मर्ज, म्हणजे मुख्य कोडात सामील, होत नाही.

म्हणून पॅचच्या मालिकेचे दोन भाग करा. पहिला भाग वागणूक न बदलणारा: फंक्शन वेगळं काढणं, जुन्या कोडला क्यूटेस्ट (क्यूएमूच्या डिव्हाइस-चाचण्या) लिहिणं. हा जूनअखेर मेलिंग लिस्टवर गेला तर फ्रीजआधी मर्ज होण्याची खरी शक्यता असते. फीचर स्वतः जुलैत आरएफसी, म्हणजे मतं मागवणारा मसुदा, म्हणून पाठवा. फ्रीजच्या काळात टेस्ट, दस्तऐवज आणि रिव्ह्यूतल्या सूचना उरकून घ्या. मेंटेनर तेव्हा बग निस्तरत असतात, उत्तरं उशिरा येतात. हे तिला मे महिन्यातच सांगून ठेवा, नाहीतर ऑगस्टमधली शांतता म्हणजे नकार असं ती धरून चालेल. मूल्यमापन तुम्ही करता, मर्ज झालं की नाही यावर ते अडत नाही.

बिल्डचं थोडक्यात. सगळी टार्गेट्स बांधू नका, कॉन्फिगरला एक्स८६_६४-सॉफ्टएमएमयू एवढंच टार्गेट द्या. आठ जीबीच्या लॅपटॉपवर मेकला चार जॉब पुरेत, सीकॅश (आधीचं कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं साधन) लावा. ४५ अंशांत लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो, तेव्हा मोठे बिल्ड पहाटे किंवा रात्री. केव्हीएमचं (लिनक्समधली, प्रोसेसरच्या मदतीने आभासी मशीन वेगाने चालवणारी सोय) डिव्हाइस दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. दिसतं पण परवानगी नाकारतं, तर तिला केव्हीएम ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन करायला लावा. केव्हीएम नसलं तरी टीसीजीवर (क्यूएमूच्या सॉफ्टवेअर अनुकरणावर) काम चालतं, फक्त संथ. आणि नोग्राफिक (खिडकीविना, टर्मिनलमधल्या) मोडमधून बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर ती टर्मिनलच बंद करत बसेल.

आता खरा खड्डा: मायग्रेशन, म्हणजे चालतं आभासी मशीन एका क्यूएमूवरून दुसऱ्यावर हलवणं. विद्यार्थी डिव्हाइसच्या स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवतात आणि ते सरळ व्हीएमस्टेटच्या (मायग्रेशनमध्ये पाठवायच्या स्थितीच्या) यादीत टाकतात. घरी सगळं चालतं, टेस्टही पास. पण जुन्या क्यूएमूवरून चालतं मशीन नव्यावर हलवलं की येणाऱ्या प्रवाहात ते फील्ड नसतंच, पुढचे बाइट सरकतात आणि लोड कोसळतं. उपाय ठरलेला आहे: नवी स्थिती सबसेक्शनमध्ये (गरज असेल तरच पाठवल्या जाणाऱ्या भागात) घाला, तिचं नीडेड फंक्शन सोय चालू असेल तेव्हाच खरं परत करेल असं लिहा. सोय डिव्हाइसची प्रॉपर्टी म्हणून द्या आणि जुन्या मशीन टाइपसाठी (जुन्या आवृत्तीसारख्या वागणाऱ्या आभासी मशीनच्या प्रकारांसाठी) एचडब्ल्यू-कॉम्पॅटच्या यादीत ती बंद ठेवा. व्हर्टआयओत नवा फीचर बिट असेल तर जुन्या मशीन टाइपवर गेस्टला (आभासी मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमला) तो अचानक दिसता कामा नये, हीच यादी तेही सांभाळते. रिव्ह्यूत हे नेमकं विचारतात, आणि तोवर पाच पॅच लिहून झालेले असतात. डिझाइनच्या पहिल्याच चर्चेत काढा.

मालिकेतला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे बिल्ड झाला पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याचे, म्हणजे बग कोणत्या कमिटने आला ते शोधणाऱ्याचे, हाल. गिट रीबेसला एक्झेक पर्याय देऊन प्रत्येक कमिटवर मेक चालवा, मग चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट). रिव्ह्यूची सूचना आली की नवी आवृत्ती काढून काय बदललं ते कव्हर लेटरमध्ये (मालिकेसोबतच्या पहिल्या ईमेलमध्ये) लिहायला लावा.

पाठवताना गिट सेंड-ईमेल. जीमेल असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, पोर्ट ५८७. कॉलेजच्या वायफायवर हा पोर्ट बऱ्याचदा बंद असतो आणि कमांड नुसती लटकते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जातं. ब्राउझरमधून पॅच चिकटवायचा नाही, ओळी तुटतात.

एक गोष्ट तोंडावर सांगा: एआयने लिहिलेला कोड क्यूएमू घेत नाही, २०२५ पासून हे धोरण लेखी आहे. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ म्हणजे कोडच्या उगमाची हमी असते, आणि ती तिच्या नावाने जाते.

प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला विचारू देऊ नका. एकाच गावात असल्याने हा मोह दोघांनाही होणार, पण मग दुसऱ्या मेंटॉरला काही कळत नाही आणि तुम्ही रजेवर गेलात की काम ठप्प. अर्धा तास अडली की आयआरसीवर (प्रकल्पाच्या चॅटवर) किंवा लिस्टवर, सगळ्यांसमोर. बरेच मेंटेनर युरोपात आहेत. त्यांची सकाळ आपल्या दुपारी साडेबाराच्या सुमारास उजाडते, म्हणून प्रश्न जेवणाआधी टाकला तर त्याच दिवशी उत्तर मिळण्याची आशा.

मध्यावधी मूल्यमापनात डळमळीत वाटत असेल तर दोन आठवडे आधी स्पष्ट बोला, आणि काय दिसलं की पास हे लेखी द्या: उदाहरणार्थ, एक पॅच रिव्ह्यूतून गेलेला आणि मेक चेक (सगळ्या चाचण्या चालवणारी कमांड) स्वच्छ.